अकरा थोर पुरुषांचं एक भाषण

दादाराव खोब्रागड्यांनी तीस वर्षांत अकरा राष्ट्रपुरुषांवर भाषणं लिहिली, आणि खरं सांगायचं तर एकच लिहिलं.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कार्यालयात ते अनुवादक होते. जयंती आली की टेबलावर पांढरी चादर, तसबीर, झेंडूचा हार, कागदी बशीत समोसा, आणि डायरेक्टरसाहेबांच्या हातात दादारावांचं हिंदी भाषण. त्यातला नेता कायम त्यागी, निगर्वी आणि मधाळ वाणीचा. वर्षातून अकरा वेळा फक्त नाव आणि जन्मगाव बदलायचं. जे दोन पुढारी जन्मभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांनाही दादारावांनी एकाच साच्यातून काढलं. कुठल्याही साहेबाच्या बापाला पत्ता लागला नाही. समोरच्यांचं तर विचारूच नका, त्यांचा सगळा जीव समोशात.

"कसली डोंबलाची जयंती," आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये चपला काढता काढता दादाराव म्हणायचे. "ज्याला हार घातला तो कुठल्या जिल्ह्यातला, एकाला सांगता यायचं नाही. गाढवाला गुळाची चव काय."

"पण बाबा, फॉर्मेट तर तुमचाच आहे ना," नोएडात आयटीत असलेली त्यांची लेक क्रांती एकदा म्हणाली. "बिल्कुल सगळे सेम."

दादारावांनी तिला असं झापलं की पोरगी न जेवता उठली. जिभेला हाड नव्हतंच त्यांच्या. शिपायापासून सेक्शन ऑफिसरपर्यंत कुणी सुटलं नव्हतं, बायको प्रभावती तर नाहीच.

लेकीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी दादारावांनी चार रविवार ग्रंथालयात बसून एका जुन्या वऱ्हाडी पुढाऱ्यावर खरंखुरं भाषण लिहिलं होतं. हा माणूस तापट, हेकट, सभेत सहकाऱ्यांवर तुटून पडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जाऊन माफी मागायचा, असं सगळं त्यात होतं. तेव्हाच्या साहेबांनी लाल पेनानं काट मारली. "थोरांना दोष नसतात, खोब्रागडे." त्या दिवसापासून साचा सुरू झाला. राग साहेबावर, शिक्षा बिचाऱ्या पुढाऱ्यांना.

निवृत्ती जवळ आली तसं दादारावांच्या मनात एकच घोळू लागलं. निरोपाला प्रभावती पहिल्यांदाच ऑफिसात येणार होती, क्रांतीनं रजा टाकली होती. त्या दोघींसमोर आपल्याबद्दल कुणीतरी एक तरी खरं वाक्य बोलावं, मग ते वाईट का असेना. संसदेला जाणाऱ्या उत्तरातली चूक पकडून त्यांनी एकदा खात्याची अब्रू वाचवली होती. तेवढं म्हटलं तरी पुरे होतं.

तीच पांढरी चादर, तोच झेंडू, आता दादारावांच्या गळ्यात. हाताखालच्या विश्वासनं साहेबांना कागद दिला आणि पहिल्याच ओळीला दादारावांचे कान तापले. त्यागी. निगर्वी. मधाळ वाणीपाशी प्रभावतीनं नवऱ्याकडे चमकून पाहिलं. विश्वासनं नाव बदललं होतं, जन्मगाव बदललं होतं, बाकी कशाला हात लावला नव्हता. खोब्रागडेजींनी तुरुंगवास हसतमुखानं सोसला, साहेब वाचत गेले, आज ते आपल्यात नाहीत, पण त्यांचे विचार अमर आहेत. टाळ्या पडल्या. समोसे फिरले. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती.

दादाराव विश्वासला फाडून खायला निघाले, तर तो भक्तिभावानं वाकून म्हणाला, "सर, आप ही का तो फॉर्मेट है." दादारावांनी बशीतला समोसा उचलला आणि खाल्ला.

घरी येऊन त्यांनी ट्रंकेच्या तळातून तो पिवळा, लाल काटांचा कागद काढून क्रांतीच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं वाचला. तापट, हेकट, चारचौघांत माणसाचा पाणउतारा करणारा.

"हा तर अगदी तुमच्यासारखा आहे की हो," गळ्यातला हार उतरवून घेत प्रभावती म्हणाली.

दादारावांना बरं वाटलं. उशिरा का होईना, खरं वाक्य मिळालं होतं.

"फक्त तो दुसऱ्या दिवशी माफी मागायचा," असं म्हणून ती हार बाल्कनीतल्या कुंडीत टाकायला गेली.