रांजणातलं बीज

केंद्रावर मी केलेलं पहिलं ठळक काम कोणतं, असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगते. एका गावाच्या तलावातल्या माशांचं बीज मी उकिरड्यावर ओतलं. तेही पदर खोचून आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

मी आर्वीकडची. आमच्याकडे कपाशी, विहीर आणि विहिरीवरचा दोर. तलाव म्हणजे काय ते मी पाहिलं चांदा जिल्ह्यात नोकरीला आले तेव्हा, आणि तोही फुटलेला. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. गडचिरोली तेव्हा चांद्यातच मोडायची. भादव्यात पाऊस लागून राहिला, मूलच्या पुढे एका गावाच्या तलावाची पाळ पहाटे फुटली आणि खालची घरं वाहून गेली. माणसं पाळीच्या उरलेल्या टोकावर चढून वाचली, पण धानाच्या बांध्यांत गुडघाभर गाळ बसला. मग मोठी माणसं कामासाठी पांगली. कुणी पाळ बांधायच्या सरकारी कामावर राहिले, कुणी आलापल्लीच्या जंगलात सागाच्या तोडीवर गेले. त्यांची मुलं सांभाळायला जंगल खात्याच्या एका रिकाम्या टिनाच्या शेडमध्ये केंद्र उघडलं आणि ते माझ्या हवाली केलं.

अडतीस मुलं, मी, आणि स्वयंपाकाला त्याच गावची एक म्हातारी ढिवरीण. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरायचं काम. ती मला बाई म्हणायची, मी तिला बाई म्हणायची, आणि मुलांनी बाई म्हणून हाक मारली की दोघी वळून बघायचो.

मी शिस्तीची होते. घंटा, रांग, नखं, केस. पाणी उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावायचं नाही. चार महिन्यांत एकाही मुलाला हगवण लागली नव्हती आणि त्याचं सगळं श्रेय मी एकटी घेत होते. पाणी उकळायला म्हातारी रोज पहाटे उठून चूल पेटवत होती, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं.

माघात मुलं दुपारची नाहीशी व्हायला लागली. जेवण झालं की पाच-सहा जण गायब, आणि दिवस कलताना पायांना चिखल माखून परत. रागावले, कोपऱ्यात उभं केलं, काही उपयोग नाही. त्यांची पुढारी एक दहा वर्षांची मुलगी होती. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. अशा मुलांचा मला फार राग यायचा. मी स्वतः लहानपणी तशीच होते, म्हणून असेल.

एका सकाळी मागच्या पडवीतल्या जादाच्या रांजणावरचं झाकण मी उचललं. आत काळं काहीतरी वळवळलं. काही बोटाएवढे, काही वीतभर मासे, आणि पाण्याला चिखलाचा वास. पिण्याच्या रांजणात ही घाण! विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मी रांजण कलंडवला आणि ओढत नेऊन उकिरड्यावर रिकामा केला. कावळे लगेच जमले. ती मुलगी धावत आली, राखेत हात घालून दोन मासे उचलले, लोट्यात टाकले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

त्या दुपारी पंगतीला एकही मूल बसलं नाही. ढिवरांची नाहीत आणि शेतकऱ्यांचीही नाहीत. भात गार झाला. म्हातारी हातात पळी धरून बसली होती. ती म्हणाली, "बाई, तुमी काऊन फेकले ते?"

"पिण्याच्या पाण्यात मासे कुणी ठेवतं का?"

"ते खावाचे नोहोते. बीज होतं ते." मग तिने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "तलाव फुटला तवा सारी मच्छी वाहून गेली. खोलग्यात अटकली तेवढीच राह्यली. आता ते डबकेही आटून राह्यले, होळीलोक कोरडे होतीन. पाळ बांधून होईन, पानीही भरन. पन पान्यात मच्छी नाई तं आमी तिथी जाऊन करू काय?"

"नव्या पाण्याबरोबर येतीलच की."

"येतात थोडे. दोन-तीन साल जातात. तेवढं कोन थांबते?"

मग त्या मुलीचंही कळलं. तिचा बाप आलापल्लीला तोडीवर होता. तिकडेच कायमचं राहायचं त्याच्या मनात होतं आणि होळीनंतर तो पोरीला न्यायला येणार होता. तो गेला की मागोमाग ढिवरांची बाकीची घरंही जाणार, हे म्हातारीला दिसत होतं. मुलीने बापाला निरोप धाडला होता: मी बीज राखते, तू गाव सोडू नको. आणि गावाजवळ पाण्याने भरून ठेवता येईल असा एकच रांजण होता, तो माझ्या पडवीत.

मला लाज वाटली. माफी मागायची मला सवय नव्हती, आजही फारशी नाही. मी उठले, मुलीजवळ गेले आणि म्हटलं, "डबकी कुठे आहेत ते मला दाखव."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले पोहता येते काय?"

"नाही."

"मंग काठावरच राहा."

दुसऱ्या दिवशी घंटा वाजवली ती तलावाकडे जायची. तलावाच्या पोटात जमीन भेगाळली होती आणि मध्ये तीन डबकी उरली होती, आमच्या अंगणाएवढी. मुलं पाण्यात ओळ धरून उभी राहिली आणि पायांनी गाळ ढवळत पुढे सरकली. पाणी गढूळलं की मासे वर येतात, मग टोपली घालायची. मरळ आणि शिंगूर वरची हवा घेऊन जगतात, म्हणून तेच इतके दिवस टिकले होते. मरळ मडक्यातून उडी मारते, तेव्हा तोंडाला पळसाची पानं बांधायची. शिंगूर काटा मारतो, तेव्हा तो असा धरायचा. हे सगळं मला तिसरी-चौथीच्या वयाची मुलं शिकवत होती आणि चुकले की ओरडत होती. मी काठावर राहिले नाहीच. घसरले आणि लुगड्यासकट चिखलात बसले. तेव्हा मुलगी पहिल्यांदा हसली, आणि त्या दिवशी पंगत पूर्ण भरली.

रांजण पुरणार नव्हता. शेडमागे विटांसाठी कुणीतरी खणलेला मोठा खड्डा होता, तो आम्ही लिंपून पाण्याने भरला. मरळ इतरांना गिळते, म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांनी बांबूची ताटी विणून खड्ड्याचे दोन भाग केले. या मुलांच्या घरी मासे कुणी धरत नव्हतं; तरी ताटीतली फट बोटाने तपासून बघायला तीच पुढे. ढिवरांची घरं गेली तर आपलंही गाव अर्धंच उरेल, हे त्यांना मी शिकवलेलं नव्हतं.

मग जिल्ह्याहून साहेब केंद्राच्या तपासणीला आले. केंद्र पाहून खूश झाले, खड्डा पाहून नाही.

"हा बुजवून टाका. एखादं मूल बुडालं तर?"

"साहेब, या शेडमध्ये बुडण्याजोगी मी एकटीच आहे," मी म्हटलं, "आणि मी काठावरच राहते."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा खड्ड्याकडे पाहिलं आणि भोवती कुंपण घाला म्हणाले. कुंपण आम्ही त्याच आठवड्यात घातलं. मला त्या उत्तराचा अजून अभिमान वाटतो. कुणी विषय काढला नाही तरी मी ते सांगते.

होळी झाली आणि मुलीचा बाप आला. उन्हाने काळा पडलेला, खांद्यावर कुऱ्हाड. त्याला थांबवायला मी एक मोठं भाषण मनात जुळवून ठेवलं होतं. पण मुलगी त्याचा हात धरून सरळ खड्ड्याकडे गेली आणि तिने पाण्यावर मूठभर कोंडा टाकला. पाणी सगळीकडून हललं. तो उकिडवा बसला आणि बसूनच राहिला.

"हे तुमी केलं काय, बाई?"

हो म्हणायचा मोह झाला, कारण श्रेय मला आवडतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. "पहिले धरलेले मी फेकून दिले होते," मी म्हटलं.

"हो. सांगतलं तिनं मले." तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने विचारलं, "पाळीवर अजून मानसं पायजेन काय?" आणि पोरीला न घेताच पाळीच्या कामावर गेला. मी शेडमागे जाऊन रडले. भाषण वाया गेलं म्हणून नव्हे.

उन्हाळा कठीण गेला. विहिरीचं पाणी तळाला गेलं, तेव्हा अंघोळीला प्रत्येकाला अर्धी बादली आणि उरलेलं पाणी खड्ड्याला, असा नियम मीच केला. बगळ्यांवर पाळीपाळीने पहारा. त्यातही काही मासे मेले, आणि प्रत्येक मेलेल्या माशाचा जाब मुलांनी मला विचारला. पावसाच्या आधी पाळ उभी राहिली. नंतर एका सकाळी खड्ड्यात मरळीच्या लाल पिल्लांचा घोळका फिरताना दिसला आणि त्या दिवशी घंटा वाजलीच नाही.

आषाढात तलाव अर्धा भरला. केंद्र बंद व्हायच्या दिवशी अडतीस मुलं तोंडाला पानं बांधलेली मडकी डोक्यावर घेऊन पाळीवर चढली. वर त्यांचे आईबाप उभे होते. ढिवरांची एक सोडून सगळी घरं परत आली होती. त्या एका घराची वाट म्हातारी पुढेही पाहत राहिली. पहिलं मडकं गावातल्या सगळ्यांत जुन्या ढिवराने सोडायचं, अशी तिथली रीत. तो मान म्हातारीचा होता. तिने मडकं मुलीच्या हातात दिलं. मुलीने ते माझ्या हातात दिलं.

मी ते उचललं आणि कलतं करायला लागले, तर ती पटकन म्हणाली, "वरून नाई, बाई. इथी उकिरडा नोहोय. मडकं पान्यात बुडवा आन धरून ठेवा. त्याइले आपल्या मनानं जाऊ द्या."

सगळं गाव हसलं. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात बसले आणि मडकं आडवं धरलं. मासे लगेच गेले नाहीत. मग एक गेला, मग बाकीचे. मी मडकं वर उचललं, आत डोकावले, हात घालून तळ चाचपला.

"राह्यलं काय एखादं?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि तरी आणखी एकदा हात घालून पाहिलं.