घमेल्यात भिजवलेलं कातडं

तारेच्या घासणीने मी डाग घासत होते आणि डाग वाढत होते. सुरुवातीला कातड्यावर एक काळी कमान होती. बुरशी असेल असं वाटून मी जोर लावला. पाच मिनिटांनी कमानीभोवती नक्षत्रं उगवली.

मी तिसगावची. पाथर्डीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे तात्या, चपला आणि बैलांचे पट्टे शिवतात. दोन वर्षांपासून त्यांच्याकडे मी बॅगा शिवायला शिकते आहे. स्वतःला कारागीर म्हणावं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. या प्रसंगानंतर तो निर्णय आणखी लांबला.

ते कातडं खर्ड्याकडच्या दगडूबाबांचं होतं. बाबांनी जन्मभर कातडी कमावली. कमावणं म्हणजे कच्चं कातडं कुजू नये म्हणून ते बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवणं. त्यातून मधासारखा तपकिरी रंग येतो. गुडघे चालेनात म्हणून बाबांनी हौद बुजवले. स्वतःच्या हाताचं शेवटचं कातडं तेवढं ठेवलं होतं. त्यांची नात सुवर्णाताई तलाठी झाली, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिला कागदपत्रांसाठी बॅग हवी होती.

"रंग लावू नगं हां तात्या," बाबा म्हणाले होते. "माजाच रंग ऱ्हाऊ दे. परत काय व्हायचा न्हाई त्यो."

"न्हाई लावत," तात्या म्हणाले.

इथे मी मध्ये पडले. "बाबा, ही बॅग मी एकटीनं करते."

बाबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी छताकडे पाहिलं. दोघांनी नाही म्हटलं नाही, म्हणजे विश्वास आहे, असा अर्थ मी काढला.

शुक्रवारी तात्या गिऱ्हाइकाकडे पट्टे पोचवायला गेले. जाड कातडं घडी घालण्याआधी भिजवून मऊ करावं लागतं, नाहीतर दुमडताना तडकतं. लहान तुकड्यांसाठी आमच्याकडे दगडी कुंडी आहे आणि मोठ्यांसाठी प्लॅस्टिकचा टब. त्या दिवशी टबात आईने गोधडी टाकली होती. मग मी अंगणातलं लोखंडी घमेलं घेतलं. धुऊन घेतलं, हे मुद्दाम सांगते. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे.

तात्या आले तेव्हा मी घासणी पाठीमागे लपवली.

"कशात भिजवलं?"

"घमेल्यात."

"आन् घासलं कशानं?"

मी लोखंडी तारेची घासणी पुढे केली. तात्या ओट्यावर बसले.

"कालिजात काय शिकिवत्यात गं तुला?"

दुर्दैवाने नेमकं हेच शिकवतात. बाभळीच्या सालीत टॅनिन असतं. टॅनिनला लोह भेटलं की निळा-काळा रंग येतो. हे प्रॅक्टिकल मी केलेलं आहे. टेस्ट ट्यूबमध्ये रंग आल्यावर सरांना दाखवलाही होता. पण ती काचेची नळी होती आणि हे आमचं अंगण होतं. दोन्हीकडे एकच रसायनशास्त्र चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तात्या चौथी शिकलेत. ओल्या कातड्याला ते लोखंड लावत नाहीत.

त्यांनी लिंबू कापून दिलं. लिंबाच्या आंबटाने असे डाग फिके होतात. मी सहा लिंबं घासली. नक्षत्रं फिकट झाली, पण गेली नाहीत.

"दुसरं कातडं मिळंल का?" मी विचारलं.

"बाबाचं? कुठून मिळंल?"

शनिवारी सकाळी तात्या म्हणाले, "डाग निगत नसला तर समद्याचाच डाग करायचा." म्हणजे हिरड्याचा काढा फासायचा आणि त्यावर हिराकसाचं पाणी. हिराकस हा लोहाचाच क्षार. जुन्या काळ्या चपला अशाच काळ्या होत. मी चुकून केलं तेच आता मुद्दाम करायचं होतं, फक्त सारखं आणि सगळीकडे. बाबांनी एकच गोष्ट मागितली होती आणि मी तीच पुसत होते. ब्रश फिरवताना माझ्याच्याने तात्यांकडे बघवलं नाही.

शिवण मात्र मनापासून घातली. आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन्हीकडून. शेवटी करडईचं तेल चोळलं. बॅग काळी कुळकुळीत झाली.

रविवारी बाबा आणि सुवर्णाताई आले.

"बाबाला तू सांग," तात्या हळूच म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. तो आईला बसल्या जागेवरूनही सांगता आला असता.

मी रात्रीच भाषण तयार केलं होतं. "बाबा, सरकारी ऑफिसात काळी बॅग शोभून दिसते. तपकिरीवर शाईचे डाग पडतात. आणि सध्या ट्रेंड..."

बाबा सगळं ऐकत होते. मान हलवत होते. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी बॅगेचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. रंग मी फक्त बाहेरून दिला होता. आत त्यांचा तपकिरी तसाच होता आणि त्याच्या मधोमध आरपार उतरलेली ती कमान.

बाबांनी कमानीवरून बोट फिरवलं.

"दीड फुटी घमेलं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. भाषण तिथेच संपलं.

"मंग आदी तसं सांगायचं. टिरेंड काय सांगतीस?" ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी शिवण ओढून पाहिली, दोनदा. "टाका बापावानी हाय," म्हणाले. बॅग उघडीच मांडीवर ठेवून ते चहा प्याले.

सुवर्णाताई सोमवारी तीच बॅग घेऊन हजर झाली. ऑफिसात सगळ्यांना आवडली, असं तिने फोनवर सांगितलं. हे बाबांना सांगू नको, असं मी तिला म्हटलं.

तुम्ही कधी सालीने कमावलेलं कातडं भिजवायला काढलंत, तर आधी भांडं बघा. आणि ते कसं बिघडलं याची गोष्ट रचायची असेल, तर ज्याने ते कमावलं त्याला सोडून ऐकायला दुसरं कुणी बघा.