डॉक्टरांनी माझ्या ताईला विचारलं

"लहानपणी ही कशी होती?" डॉक्टरांनी हे मला नाही, माझ्या ताईला विचारलं.

अकोल्याच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात ताई माझ्या शेजारी बसली होती, पण सहा महिन्यांपासून माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या शालूतलं ब्लाऊजपीस मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या मापानं कापलं होतं. शालूत तो तुकडा एकच येतो, दुसरा आणणार कुठून? लहानपण पाहिलेलं माणूस घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई-बाबा राहिले नाहीत, म्हणून माझ्या नवऱ्यानं तिला फोन केला आणि ती आली.

"शाळेत जाये अन् दप्तर घरीच राहे," ताई म्हणाली. "लई मारलं मी हिले, डॉक्टर. मले वाटे, मुद्दाम करते."

डॉक्टरांनी फॉर्म भरून घेतले, थायरॉईड तपासला आणि दुसऱ्या भेटीत निदान सांगितलं. ॲडल्ट एडीएचडी. म्हणजे लक्ष नसतंच असं नाही, पण ते हवं तिथं लावून ठेवता येत नाही, आणि हे लहानपणापासूनच असतं.

मी सुन्न झाले. अमरावतीत राजापेठेला माझं शिवणाचं दुकान आहे, वय बेचाळीस. मापाची वही हरवते, दूध उतू जातं, अर्धी बाही सोडून मी दुसऱ्याच कुर्त्याला हात घालते. सगळे धांदरट म्हणायचे, मीही स्वतःला तेच म्हणायची. आणि हा आजार होता? राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना.

गोळी सुरू झाली. आठव्या दिवशी मी सकाळी बसले ती उठलेच नाही. इतकी शांत मी जन्मात बसले नव्हते. संध्याकाळी एक गिऱ्हाईक बाई ब्लाऊज न्यायला आल्या, तेव्हा कळलं की दिवसभर मी बटणं रंगांप्रमाणे डब्यांत लावत होते. ब्लाऊजला सुईसुद्धा लागली नव्हती. मी पार हादरले.

हे सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "गोळी लक्ष टिकवते. ते कुठं लावायचं, याची सवय तुम्हालाच लावावी लागेल."

मग तिथल्या समुपदेशक बाईंनी शिकवलं. टेबलावर एकच कापड, बाकीची कपाटात. माप वहीत नाही, चिठ्ठीवर लिहून कापडालाच टाचायचं. कापण्याआधी मोठ्यानं वाचायचं, ऐकायला कोणीतरी हवं. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, "काहून पाढे म्हणून राहिली?" आता तोच ऐकतो. तरी एखादा दिवस सगळंच फिसकटतं, खोटं कशाला सांगू.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर गोळी मनानं बंद करू नका. आणि नुसत्या गोळीच्या भरवशावरही राहू नका.

गेल्या महिन्यात ताई न सांगता दुकानात आली. धाकटीचा शालू तिनं टेबलावर ठेवला, मापाची चिठ्ठी टाचूनच; नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं असावं. मी तो तिच्याकडे परत सरकवला. "ताई, दुसरीकडे दे. मले नाई जमणार."

तिनं स्टूल ओढलं, समोर बसली. "चिठ्ठी वाच."

"छाती चौतीस."

"चौतीस," ताई म्हणाली. बाही, कंबर, उंची, एकेक आकडा ती माझ्यामागून म्हणत गेली. मग कैची माझ्या हातात देत म्हणाली, "लहानपणीच अशी बसाले पायजे होतं मी तुह्याजवळ."

निदान ऐकतानाही मी इतकी हादरले नव्हते. डोळे पुसले, चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि मग कापड कापलं.