बरी झालेली कमर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, माहेरी नाही, पोटच्या लेकीलासुद्धा नाही. आज सांगायचं ठरवलंय — पण सरळ तोंडातून निघेल का, ते माहीत नाही. आधी माझी कमर कशी गेली ते सांगते. तेवढं सोपं आहे.

आम्ही हळ्ळीखेडचे. रझाकारांच्या धाकानं घर सोडून सोलापूरकडं पाहुण्यांत जाऊन राहिलो होतो. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आलो, तर परसातला आड कुणीतरी दगडमाती टाकून बुजवलेला. मग पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरनं. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. पहाटे जातं, मग पाणी, मग शेण, मग भाकरी. अशीच एकदा जात्यावरनं उठायला गेले आणि उठताच येईना. कंबरेत सुरा फिरवल्यागत झालं. तेल झालं, गरम विटांचा शेक झाला, बिब्याचे चटके झाले. काही केल्या दुखणं हटेना. कूस बदलायची तरी डोळ्यांत पाणी.

तेव्हा माझं सगळं काम निलम्मानं उचललं. निलम्मा माझी धाकटी जाऊ. औरादकडची. घरात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं, तेलुगू आणि कन्नड मिसळून बोलायची. बारीक अंगाची, हसरी. मी उठायला लागले की धावत यायची.

"अक्का, तू कामून उठायलीस? पडून राहा की. मी हाय न्हवं!"

तिनं हे कधी तोंडदेखलं म्हटलं नाही. खरंच म्हणायची. हे लक्षात ठेवा — नाही, तुम्ही कशाला ठेवाल? ते मला ठेवायला हवं होतं.

माझा भाऊ बीदरला, मैलूरमध्ये राहायचा. तो एकदा गाडी घेऊन आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कंबर चाचपली, पाय उचलायला लावले आणि म्हणाल्या, हाड शाबूत आहे, पोटाचे स्नायू ढिले पडलेत, म्हणून सगळा भार कंबरेवर येतोय. त्यांनी मला चटईवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले. एक हात पोटावर ठेवायचा. श्वास असा घ्यायचा की हात वर उचलला जाईल. मग तोंडानं फुंकर घातल्यासारखा हळूहळू सोडायचा आणि सोडता सोडता बेंबी आत ओढायची, कंबर जमिनीला टेकवायची. ते जमलं की कुल्ले उचलायचे. मग मांजरासारखं हातागुडघ्यांवर होऊन पाठ वर-खाली करायची. मी जोर लावताना दम कोंडायची. बाई माझ्या मांडीवर चापट मारून हसायच्या.

"कमर से नक्को, अम्मा! पेट से! सांस छोडो!"

मैलूरला भावाकडं राहून मी ते शिकले. घागर उचलताना श्वास सोडायचा, पोट आवळायचं, ओझं अंगाजवळ धरायचं, हेही शिकले. गावी आले तेव्हा दुखणं होतंच, पण सकाळी उठून बसता येत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज करा, सोडू नका.

पण घरात हे करायचं कुठं? सुनेनं जमिनीवर पडून पाय वर करायचे, तेही सासूसमोर? मी एक युक्ती काढली. लिंगपूजेला बसते म्हणून मधल्या खोलीचं दार लावून घ्यायची. पूजा आटोपायची आणि मग चटई पसरायची. श्वासाचा आवाज बाहेर जायचा. निलम्मा पोरांना दटावायची — "गप बसा रे, अक्का पूजेला बसलीय."

इथवर काय चुकलं? काहीच नाही. लाजेपोटी लपवलं एवढंच.

हळूहळू दुखणं ओसरत गेलं. मधेच एखादा दिवस वाईट जायचा, पुन्हा बरं वाटायचं. मग एका सकाळी चटईवरनं उठले, वाकून चटई गुंडाळली, कोपऱ्यात ठेवली — आणि थबकले. काहीच दुखलं नव्हतं. पुन्हा वाकून बघितलं. कोपऱ्यातलं ज्वारीचं अर्धं पोतं श्वास सोडत उचललं. उचललं गेलं! मला एवढा आनंद झाला की दाराकडं धावलेच, निलम्माला हाक मारायला.

कडीला हात लागला आणि तो तिथंच राहिला.

बाहेर जात्याची घरघर चालली होती. निलम्मा दळत होती. दार उघडून बरी झाले म्हटलं की ते जातं माझं, ती विहीर माझी, ते शेण माझं. आणि खरं सांगू? एवढंच नव्हतं. दुखणं आल्यापासून सासूबाई मला टोचून बोलत नव्हत्या. मालक हुमनाबादच्या बाजाराहून येताना माझ्यासाठी पेरू आणायचे. कशी आहेस म्हणून विचारायचे. लग्न झाल्यापासून कुणी तसं विचारलं नव्हतं. ते सगळं जाईल म्हणून मी — काय केलं मी? कंबरेला हात लावला, चेहरा पाडला आणि दार उघडलं.

चार दिवस विसावा घेऊ, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. ते चार दिवस दोन पावसाळे चालले.

याहून वाईट पुढं आहे. निलम्माला बाळ झालं आणि ती लवकरच कामाला लागली. एका संध्याकाळी ती माझ्या कंबरेला कोमट तेल चोळत होती. मी पालथी पडले होते.

"अक्का, दवाखाना झाला, इतकी पूजा करायलीस. कायच फरक न्हाई का गं?"

"न्हाई गं," मी म्हणाले.

ती चोळत राहिली. मधेच थांबली. मी मान वळवली तर तिनं एक हात स्वतःच्या कंबरेवर ठेवला होता, डोळे मिटून दाबत होती. मी बघतेय म्हटल्यावर हसली आणि पुन्हा चोळायला लागली. मला त्या दुखण्याची जागा ठाऊक होती, त्यावरचा इलाजही ठाऊक होता. मी मान परत वळवली. त्या दिवसानंतरही तिचा हात तसाच कंबरेवर जायचा — घागर उतरवताना, चुलीपुढनं उठताना. दर वेळी मला दिसायचा.

मग एक दिवस विहिरीच्या वाटेवरनं आरडाओरड ऐकू आली. निलम्मा पडली होती. घागर फुटलेली नव्हती, नुसती लवंडलेली. ती चिखलात कुशीवर पडून होती, तिला पाय ओढता येईनात. मी घरापासून तिथवर धावत गेले. तिला बाजेवर घातली, बाजेचा एक कोपरा मी उचलला. घरी आणली. मग मागं जाऊन ती घागर भरून आणली. लपवायचं भानच राहिलं नाही. वाटलं, आता सगळे ओळखतील. ओळखू देत.

पण लोक काय म्हणाले माहितीय? सासूबाई दारात बसून आल्यागेल्याला सांगत होत्या — "सोताची कमर गेली तरी जावंसाठी धावायली बगा. असली सून मिळत न्हाई कुणाला!"

आणि मी खाली मान घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी चटई उघड्यावर, सोप्यात पसरली. सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, दवाखान्यातल्या बाईंनी दाखवलेलं आहे, हिला करावंच लागेल. निलम्माचा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. आधी नुसता श्वास. तेवढ्यानंही ती रडायची. मी तिच्याजवळ आडवी पडून श्वास घ्यायची, सोडायची, ती माझ्या मागोमाग. घरचं पाणी, दळण मी करत होते; दुखणं सोसून करते, असंच सगळे समजत होते. कुल्ले उचलायची वेळ आली तेव्हा ती हसायलाच लागली.

"अक्का, शेजारच्यांनी बगितलं तर म्हणतील, दोघी जावा येड्या झाल्या!"

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. पुढं ती खाली बसून जेवायला लागली. मग भिंत न धरता उठायला लागली. आणि एक दिवस मी भाकरी थापत होते, तर ती दारात उभी — पोराला कंबरेवर घेऊन, ताठ. "बग की, अक्का!" एवढंच म्हणाली. पीठ लागलेल्या हातांनी मी डोळे पुसले.

आमचं बघून शेजारची एक आली, मग कडब्याचे भारे वाहणाऱ्या दोघी-तिघी आल्या. दुपारी आमच्या सोप्यात बायकांची रांग चटयांवर पडलेली असायची आणि सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा. शिकवायची निलम्मा. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची. दम कोंडला की लगेच ओळखायची. नव्या बाईला ती आधी एकच सांगायची — "हे अक्कानं मला दिलं. सोता दुखण्यात असून माझ्यासाठी उठली ती."

मी तिथंच बसलेली असायची. कितीदा तोंड उघडलं असेल. त्या बायकांसमोर नाही तर नाही, आम्ही दोघीच असताना तरी? विहिरीवर जाता-येता रोज दोघीच तर असायचो. नाही सांगितलं. पुढं वाटण्या झाल्या, घरं वेगळी झाली, तरी ती सणाला आली की माझ्या पाया पडते. मी पडू देते.

निलम्मा आता म्हातारी झालीय. अजून रोज सकाळी चटईवर असते, सुना-नातींना शिकवते. तिची पाठ माझ्याहून ताठ आहे. ती बरी झाली ती स्वतःच्या चिकाटीनं. मोडली होती माझ्यामुळं, आणि मोडताना मी बघत होते. हे तिला माहीत नाही.