उजेडाच्या रांगोळीची राखण

हा चहा बघताय ना माझ्या हातातला? चांगला दोन चमचे साखरेचा. पण श्रावणात एकवीस दिवस मी चहाला शिवले नव्हते. का शिवले नव्हते आणि पुन्हा कशी शिवले, हे सांगायचं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचं हसं करून घेणं आहे. पण तुम्ही काय, घरचेच. हसा पोटभर. आमच्या ह्यांचं अजून हसून संपलेलं नाही.

आमची सून ऋतुजा. पोरगी गुणी, पण काम काय करते हे मला लग्नाच्या याद्या झाल्यापासून चार वर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "सूनबाई कुठं असते?" मी म्हणायचे, "शिकवते." काय शिकवते? मग मी वाण पुढं करायचे.

ती कलाकार आहे, पण चित्र भिंतीवर टांगत नाही. संगणक, कॅमेरा आणि उजेड फेकणारा तो प्रोजेक्टर घेऊन असं काहीतरी करते, की माणूस जवळ गेलं की चित्र हलतं, बोलतं. नुसतं बघायचं नाही, आपण काहीतरी केलं की त्यानं उत्तर द्यायचं. आणि हेच ती शाळाशाळांतून मुलांना शिकवते. जतपासून साताऱ्यापर्यंत पिशवीत वायरी भरून एसटीनं हिंडते.

तर झालं असं, की पाचगणीच्या एका निवासी शाळेला अशी शिक्षिका हवी होती. वर्षभराचं काम. तिथल्या कलाविभागाच्या फर्नांडिस मॅडम ऋतुजाचं सांगलीतलं प्रदर्शन बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर आठवड्यातले तीन दिवस पाचगणी आणि बाकी सांगलीत. नाही पडलं तर दोघं पुण्याला बिऱ्हाड हलवणार, हे अजितनं, म्हणजे माझ्या लेकानं, जेवताना सहज सांगून टाकलं. सहज! माझं माहेर म्हसवडचं. मी ताटावरूनच तिथल्या सिद्धनाथाला हात जोडले आणि म्हटलं, देवा, पोरीचं काम होईपर्यंत चहा बंद.

आमचे हे म्हणाले, "देवाला काय फरक पडतोय? त्रास आम्हाला होणार." तो झालाच म्हणा. पण ते असू दे.

प्रदर्शन मंगळवारी. आदल्या दिवशी श्रावणी सोमवार. आमच्याकडे सोमवारी दिवसभर उपास आणि संध्याकाळी मुक्यानं जेवण. ताटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही. आणि ऋतुजानं मला सगळं समजावून सांगायला नेमकी तीच वेळ निवडली. तिला वाटलं असणार, एरवी सासूबाई मधे मधे बोलतात, आज निवांत ऐकतील. हुशार आहे पोरगी.

ती सांगत होती, सेन्सर, इंटरॅक्टिव्ह, वरून प्रोजेक्शन, सहभाग. आणि माझं सगळं लक्ष आमटीत. आमटी अळणी होती हो! बोलता येईना. मी चिमूट दाखवली, म्हटलं मीठ दे. तर हिचा चेहरा असा उजळला. "बरोब्बर आई, रांगोळीच! तुमचीच दारातली. रोज सकाळी मी फोटो काढत होते ना?"

मी पुन्हा चिमूट दाखवली. ती म्हणाली, "हो हो, तीच ठिपक्यांची." आणि पुढं सांगत सुटली. मी मान डोलवत डोलवत अळणी आमटी संपवली. शेवटी ती म्हणाली, "मग उद्या दीड तास तुम्ही सांभाळाल? मी मॅडमना घेऊन येईपर्यंत? लोकांना फक्त सांगायचं, काय करायचं ते." मी मान डोलावली. हात धुतल्यावर विचारायला हवं होतं, कबूल. पण इतकी मान डोलवून झाल्यावर "काय म्हणालीस गं?" असं कुठल्या तोंडानं विचारायचं?

मंगळवारी सकाळी प्रदर्शन होतं त्या शाळेच्या हॉलमध्ये गेले. ऋतुजानं माझ्या पदराला बिल्ला लावला. त्यावर लिहिलेलं, "मार्गदर्शक". आमचे हे सोबत होते, ते म्हणाले, "चला, अखेर लेखी मिळालं."

हॉलच्या मधोमध जमिनीवर माझी रांगोळी. खरंच माझी! ज्ञानकमळ, भोवती ठिपके, कडेला माझी ती जरा वाकडी येणारी वेल. पण केवढी मोठी, आणि काय तेज! माझे डोळेच भरून आले. बत्तीस वर्षं दारात काढतेय, दूधवाल्याची सायकल रोज तिच्यावरून जाते. कुणी थांबून बघितली नव्हती. आणि सुनेनं अशी मांडली.

ती मॅडमना आणायला गेली आणि लोक यायला लागले. पहिलंच कुटुंब आलं, आणि त्यातले गृहस्थ सरळ बूट घालून रांगोळीकडं निघाले.

आता तुम्हीच सांगा. रांगोळी, मधे कमळ, श्रावणी मंगळवार. त्यावर बूट? मी आडवी गेले. "अहो, रांगोळीवर पाय? आधी ते बूट बाहेर काढा." ते बिचारे ओशाळले. म्हणाले, "सॉरी, मला वाटलं..." मी म्हटलं, असं वाटून कसं चालेल?

पुन्हा असं नको म्हणून चार कोपऱ्यांना चार खुर्च्या ठेवल्या. पिशवीत नाडाछडी होतीच, मंगळवारची पूजा करूनच निघाले होते. तो लाल दोरा चारी बाजूंनी बांधला. पोरांना कडेकडेनं फिरवलं. मग मोठी माणसंही कडेकडेनं फिरायला लागली. डावीकडून उजवीकडं. प्रदक्षिणा घाला असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. पण लाल दोरा बघितल्यावर आपल्या माणसाला आणखी काही सांगावं लागतं का?

तेवढ्यात एका बाईनं वेणीतलं फूल काढून वाकून रांगोळीत ठेवलं. तिचा हात ठिपक्यावर गेला आणि ठिपक्याचं कमळ झालं! आणि आतून एका मुलाचा आवाज आला, "या, बसा."

अंगावर काटा आला. यंत्र आहे हे मला ठाऊक होतं हो, मी काही इतकी भोळी नाही. पण मग डोक्यात उजेड पडला. असं आहे होय! फूल वाहिलं की रांगोळी उत्तर देते. हेच ऋतुजा काल सांगत असणार. मार्गदर्शकाला मार्ग सापडला. मी मोठ्यानं सांगितलं, "पायानं नाही, फुलानं. एकेकानं या."

मग काय, लोक बाहेरच्या फुलवालीकडनं शेवंती घेऊन यायला लागले. रांग लागली. फूल वाहिलं की कमळ उमलायचं, हात मागं घेतला की मिटायचं. कुणाला "कधी आलात?" ऐकू आलं, कुणाला "पाणी आणू का?" एका ठिपक्यातून तर पोरगी खणखणीत म्हणाली, "चपला भाईर काढा." मी रांगेकडं बघून म्हटलं, ऐकलंत?

ऋतुजाचा फोन आला. गर्दी आहे का, विचारत होती. मी म्हटलं, रांग दारापर्यंत गेलीय. फोनमधून तिचा आनंद ऐकू येत होता. ती शेजारच्या मॅडमना सांगत होती, लोक अगदी रमलेत म्हणून. मी मनातल्या मनात सिद्धनाथाला सांगितलं, चहाचं आधण ठेव.

आणि मग आले ते आजोबा.

लाल पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. जतकडच्या कुठल्याशा वाडीवरून आले होते. रांगेत थांबले, वहाणा बाहेर काढून आले, फूलबिल काही नाही. सरळ दोऱ्याखालून वाकून आत यायला लागले. मी काठीच धरली.

"आजोबा, रांगोळी आहे. पाय नका ठेवू."

"आवं बाई, माजी नात तुमच्या सुनंच्या हाताखाली शिकतीया. तिनं सांगितलंय, आज्या, कोपऱ्यातल्या ठिपक्यावर हुबा ऱ्हा. म्हून दोन एस्ट्या बदलून आलोय."

"उभं नाही राहायचं. फूल वाहायचं."

"फूल वाहा म्हणाली न्हाई ती. हुबा ऱ्हा म्हणाली."

मी ऐकेना, ते हलेनात. मागं रांग खोळंबली. आणि नेमकं त्याच वेळी दारात ऋतुजा, आणि तिच्याशेजारी फर्नांडिस मॅडम. ऋतुजानं लाल दोरा बघितला, शेवंतीचा ढीग बघितला, अनवाणी रांग बघितली. तिचा चेहरा मी सांगत नाही. सोमवारी माझी मान नुसतीच डोलत होती, हे तिला तेव्हा कळलं असावं.

आजोबा मात्र शांत होते. ते वाकले आणि बोट जमिनीवर फिरवून माझ्यापुढं धरलं. "बगा. काय लागलं का बोटाला? ह्यो उजेड हाय." आणि ते वाकलेले असताना काय बघते, तर कमळ त्यांच्या पटक्यावर आणि वेल माझ्या पदरावर! मी इतका वेळ रांगोळी राखत होते, आणि ती माझ्याच अंगावर सांडलेली होती.

"उजेडाला पाय लागतू व्हय, बाई?" त्यांनी विचारलं. चिडून नाही. खरंच विचारलं.

मी काठी सोडली.

आजोबा कोपऱ्यातल्या ठिपक्यावर जाऊन उभे राहिले. कमळ उमललं, आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, आणि मग मेंढरं हाकारणारा एक चिमुकला आवाज, "बर्री, बर्री! आज्या, आलास व्हय? बस की."

आजोबा म्हणाले, "आलो गं." आणि घोंगड्याच्या टोकानं तोंड पुसत तिथंच उभे राहिले.

मग कोण थांबतंय? दोरा तुटला. पोरं, बाया, ते मघाचे बूटवाले गृहस्थ, सगळे आत. एकेका ठिपक्यावर एकेक जण उभा राहिला, सगळी कमळं उमलली, आणि हॉलभर एकच गलका, या, बसा, कधी आलात, पाणी आणू का! दारातली रांगोळी आल्यागेल्याचं स्वागत करते, म्हणून ऋतुजानं मुलांना विचारलं होतं, घरी पाहुणं आलं की तुम्ही काय म्हणता? तेच एकेका ठिपक्यात भरलं होतं. आणि मी दीड तास त्या स्वागताच्या दारात उभी राहून पाहुण्यांना अडवत होते. हातात नाडाछडीचं तुटकं टोक आणि पदरावर मार्गदर्शक.

ऋतुजा जवळ आली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ती हळूच म्हणाली, "आई, सोमवारी मी सांगितलेलं काय काय कळलं होतं?"

"आमटीत मीठ नव्हतं," मी म्हटलं.

मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पण मी मनातून पार गळून गेले होते. माझ्यामुळं पोरीचं काम गेलं, आता घर रिकामं होणार, आणि वर आयुष्यभर चहा नाही.

मॅडम मात्र माझ्याकडं टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "आमची मुलं कशावरही पाय ठेवतात, दोन मिनिटांत कंटाळतात. इथं लोक धावले, कारण या बाईंनी अडवलं होतं. ऋतुजा, काम तुमचं. पण महिन्यातून एकदा यांनाही आणायचं."

तर सिद्धनाथाला जाऊन आले, चहा सुरू झाला. आता महिन्यातून एकदा पाचगणीला जाते, बिल्ला लावते, लाल दोरा बांधते. माझं काम एवढंच, रांगोळीवर पाय ठेवू नका म्हणून जीव तोडून सांगायचं. आणि मुलांचं काम, माझं अजिबात न ऐकणं.

आमच्या ह्यांना विचारलं, जमेल का हो मला? ते म्हणाले, "न जमायला काय झालं? घरात बत्तीस वर्षं तालीमच चाललीय."