मामींच्या गजासाठी कानस

शनिवारी सकाळी तंजावरमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी आणि माझी धाकटी बहीण उमा कानशी निवडत उभे होतो. म्हणजे निवडत ती होती. मी पिशवी धरली होती.

उमा व्हायोलिनचे गज बनवते. पण या कानशी नव्या गजासाठी नव्हत्या... जवळच्या तिरुवैयारुला तिच्या व्हायोलिनच्या गुरू राहतात. सगळे त्यांना मामी म्हणतात, आम्हीही.

गेल्या वर्षी मामींचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण गज टोकापर्यंत ओढताना हात थरथरायला लागला. टोकाकडचं वजन पेलवेना. हळूहळू त्यांनी वाजवणंच सोडलं, नुसतं गाऊन शिकवत राहिल्या.

उमानं हलके गज करून दिले. मामींनी एकेक वाजवून पाहिला आणि नीट पुसून परत केला. शेवटी म्हणाल्या, माझाच गज हलका कर.

तो गज जुना आहे, ब्राझीलकडच्या लालसर लाकडाचा. तसं लाकूड आता उमाला मिळत नाही. टोकाकडून जरा कमी काढलं तर उपयोग नाही, जरा जास्त गेलं तर गजाची काठी लेचीपेची होते... आणि काढलेलं परत लावता येत नाही.

दुकानात उमानं पर्समधून फणसाच्या लाकडाचा तुकडा काढला. आमच्या गावात वीणा फणसाच्या लाकडाची होते, त्यामुळे कानस पारखायची ती फणसावर, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. ती एकेक कानस तुकड्यावर ओढायची आणि कान जवळ न्यायची. दुकानदारानं विचारलं, नारळ घ्यायला आलीस का? नारळ नासका निघाला तर फक्त चटणी जाते, असं म्हणून ती पुढची कानस मागू लागली.

दोन तिला आवडल्या. एक उभ्या टोकदार दातांची, एक मध्यम. तिसरी बारीक होती, फणसावर नुसतीच घसरत होती. शेवटी हात फिरवायला होईल, म्हणून तीही घेतली.

मामी गज घराबाहेर जाऊ देईनात, म्हणून आम्हीच बसनं तिरुवैयारुला गेलो. त्यांच्या ओट्यावर चटई टाकली. उमानं गजाचे केस सैल करून कापडात गुंडाळले, काठी मांडीवर घेतली, टोकदार दातांची कानस उचलली...

आणि थांबली. मग माझ्याकडे न बघता आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, “अण्णा, मी फणसावर बघून आणल्या.”

मला कळायला वेळ लागला. फणस मऊ, सैल तंतूंचा. हे लाकूड शिंगासारखं घट्ट. फणसावर सुरेख चालणारी कानस इथे काय करील, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि करून बघायला दुसरं तसं लाकूड नव्हतं.

मामींना मराठी येत नाही. पण त्या उठून आत गेल्या. देवघराच्या फळीवरून रेशमी कापडातली एक वस्तू घेऊन आल्या. मोडलेला अर्धा गज... त्यांच्या वडिलांचा. त्यांनीच मामींना शिकवलं होतं. लाकूड तेच, लालसर.

“यावर बघ, कण्णा,” त्या उमाला लाडानं म्हणाल्या.

उमा म्हणाली, याच्यावर नको. मामी म्हणाल्या, “ते वाजवून गेलेत. मला अजून वाजवायचंय.”

मामी आमच्याकडे पाठ करून खांबाला टेकून बसल्या आणि जाई ओवायला लागल्या. उमानं पहिली कानस ओढली. खडखड झाली, लाकडावर खोल ओरखडे उठले. मामींची बोटं क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

दुसरी ओढली. कमी खडखड, पण दाते मध्येच अडकत होते. मामी ओवत राहिल्या.

मग ती फणसावर घसरणारी, बारीक. आवाज जवळजवळ नव्हताच... कुणी लांबवर तांदूळ पाखडतंय असा. मामींनी मागे न बघता हात वर केला. उमाचीही कानस तिथेच थांबली होती. तिनं बाकीच्या दोन्ही पिशवीत टाकल्या.

नंतर उमा थोडं घासायची, केस ताणायची, गज मामींच्या हातात द्यायची. मामी तो हवेत धरायच्या आणि परत द्यायच्या. कापडावर तांबडी भुकटी साचत होती. मी किती वेळ बसलो होतो मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात मी एकदाही फोन काढला नाही.

एकदा मामींनी गज घेतला आणि परत दिला नाही. उमा म्हणाली, मामी, अजून थोडं निघेल. मामींनी मान हलवली. “पुरे.”

त्यांनी व्हायोलिन मागितलं, जमिनीवर मांडी घातली आणि षड्ज लावला. गज मुठीपासून निघाला, मध्यावर आला, पुढे गेला... नेहमी जिथे हात थरथरायचा, तिथे मी उमाकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते. स्वर तसाच पुढे गेला, टोकापर्यंत, आणि टोकावरून वळून परत आला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, किती वजन कमी झालं असेल? उमा म्हणाली, घरच्या काट्यावर दिसणारसुद्धा नाही.

एका माणसाचं वाजवणं आणि न वाजवणं यांच्यामध्ये एवढंसंच लाकूड होतं. ते निघताना मला तिथे बसू दिलं, यासाठी मी दोघींचा ऋणी आहे.