दोन आवाजांची समीक्षा

समीक्षाला लोक मूर्ख म्हणतात. मीही म्हणतो, पण म्हणताना मला लाज वाटते, कारण तिला मूर्ख बनवण्यात माझाही हात आहे. मी जमीर. कळंबला एका मेडिकलच्या वरच्या खोलीत, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून, मी गाणी रेकॉर्ड करतो. हळदीची, दुर्गादेवीची, निवडणुकीची, जो येईल त्याची.

समीक्षा मथुराबाईची मुलगी. मथुराबाई शाळेत खिचडी शिजवते. पोरगी सावळी, अंगाने आडवी, आणि गळा असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हेडफोन काढून तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिची मैत्रीण सुरभी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, चांगल्या शेतीवाल्यांच्या घरची, गोरी, नाकेली. तिला नाचता उत्तम यायचं. अंगण वाकडं होतं ते गाण्याचं. दोघींनी मिळून नाचायची गाणी म्हणायचं ठरवलं आणि जोडीचं नाव ठेवलं ‘ठेचा सिस्टर्स’.

पहिल्याच गाण्याला सुरभी बारा वेळा बेसूर झाली आणि रडायला लागली. समीक्षाने तिला पाणी दिलं आणि मला म्हणाली, “भाऊ, इच्या ओळी मीच म्हणते. बारीक आवाज काढते. कोनाले समजून राह्यलं?”

कोणालाच समजलं नाही. आपला जाड, भरदार आवाज तिने स्वतःच्या ओळींना ठेवला आणि सुरभीसाठी नवाच आवाज बनवला. बारीक, लाडिक, ओळ संपता संपता जरासा हसणारा. गाण्यात दोघी एकमेकींना चिडवायच्या, भांडायच्या, आणि दोन्हीकडून भांडायची एकटी समीक्षा. स्टेजवर ती स्वतःच्या ओळी खरोखर गायची. बारीक आवाज मागून ट्रॅकवर वाजायचा आणि सुरभी ओठ हलवून नाचायची. सुरभीचा माईक बंद ठेवायचं काम माझं होतं.

चार वर्षं जोडी धडाक्यात चालली. पण लोकांना वेड लागलं ते बारीक आवाजाचं. रील्सवर त्याचेच तुकडे फिरायचे. खाली लिहिलेलं असायचं, “दुसरीले कायले ठेवलं? म्हैस हंबरून राह्यली.” समीक्षा ते मला वाचून दाखवायची आणि हसायची. मला वाटायचं, हिला चांगलंच वाटत असेल, आवाज तर हिचाच आहे. इतका गाढव मी होतो.

मग पुसदच्या एका दुर्गोत्सव मंडळाचा फोन आला. एकटी सुरभी पाहिजे. सुरभी हो म्हणाली.

समीक्षा तिच्या घरी गेली. सोबत मीही होतो. समीक्षा म्हणाली, “तू एकटी जाय, माई ना नाई. फक्त एक डाव माईकवर सांग, का आवाज समीक्षाचा हाये.”

सुरभी मेंदी लावून बसली होती. हात न हलवता म्हणाली, “आनं मंग माया काय राह्यते? तुयं तोंड पाहून कोनी ऐकते का तो आवाज? लोकायले तो मायाच तोंडातून गोड लागते.”

वर मला तिने जुन्या ट्रॅकमधला जाड आवाज काढून टाकायला सांगितलं. मी काढला. नव्या गाण्यांसाठी मी कॉम्प्युटरला जुन्या रेकॉर्डिंगवरून तो बारीक आवाज शिकवला; आता सुरभी कशीही म्हणाली तरी बाहेर तोच आवाज येतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला बीळ मी दाखवलं. पोटासाठी केलं असं मी सांगत फिरतो. खरं म्हणजे सुरभीच्या नावाबरोबर माझं नाव छापून येत होतं, ते मला आवडायचं.

समीक्षाने घरी बसून बारीक आवाजात गाऊन व्हिडिओ टाकला. लोकांनी लिहिलं, “जळकुकडी.” ती माझ्याकडे जुनी रेकॉर्डिंग मागायला आली. मी म्हटलं, डिस्क खराब झाली. ती खराब झाली नव्हती.

मागच्या वर्षी यवतमाळला ‘सुरभीसारखं कोण गातं’ अशी स्पर्धा ठेवली होती. प्रमुख पाहुणी सुरभी. समीक्षाने नाव दिलं. मी खूप समजावलं, पण तिने मनाशी पक्कं केलं होतं: एकाच गाण्यात आधी बारीक, मग जाड आवाज लावायचा, दोन्ही एकाच गळ्यातून निघताना लोकांनी समोर बघितले की त्यांना कळेलच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! बारीक आवाज लागला तशा शिट्ट्या पडल्या. ती थांबली, डोळे मिटले आणि जाड आवाज लावला. खरं सांगतो, इतकं चांगलं ती कधीच गायली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. समोरून पोरं ओरडली, “ओ काकू, सुरभीचं म्हना!” कोणीतरी म्हशीसारखं हंबरलं. मंडप हसला. सुरभीही हसली.

पहिलं बक्षीस खुशी नावाच्या शाळकरी मुलीला मिळालं. समीक्षाला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र हातात देताना सुरभी माईकवर म्हणाली, “ताईंनी छान प्रयत्न केला. जवळपास माझ्यासारखं जमलं.” समीक्षाने तोंड उघडलं, पण माईक सुरभीच्या हातात होता. फोटोवाला म्हणाला, ताई, हसा. ती हसली.

पण त्या बक्षिसावर तिला कामं मिळाली. सुरभी ज्यांना परवडत नाही ते हिला बोलावतात. राजूरला एका हळदीच्या फ्लेक्सवर मी नाव वाचलं, ‘ज्युनिअर सुरभी’. समीक्षा असं कुठेच नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती स्टुडिओत आली. सुरभीच्या एका नव्या गाण्याची नक्कल बसवायची होती. तिने चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा हेडफोन काढून मला विचारलं, “भाऊ, खरं सांगा. सुरभीसारखं येऊन राह्यलं का?”

वर्षानुवर्षं ताणून गळा बसला होता. वरचा सूर फाटत होता.

मी म्हटलं, “नाही. अजून एकदा घे.”

तिने हेडफोन लावला आणि पुन्हा घेतलं.